गावंड्यांची बरणी

अमरावतीचा मे महिना आता पूर्वीचा राहिलेला नाही. पूर्वी पारा चव्वेचाळीसवर गेला की लोक एकमेकांना फोन करून सांगायचे. आता एकोणपन्नास झाला तरी कुणी भुवई उचलत नाही. अशा उन्हात गावंड्यांच्या स्वयंपाकघरात एक कूलर होता आणि त्याचं तोंड माणसांकडे नव्हतं. ते कोपऱ्यातल्या एका काचेच्या बरणीकडे होतं. मृणाल ओट्याशी पोळ्या लाटायची, घाम कानामागून मानेवर उतरायचा, आणि तिच्यापासून दोन हातांवर तो गार वारा बरणीला सुखात ठेवायचा. कूलर जरासा इकडे वळवला तर चालेल का, असं तिनं एकदा सासूबाईंना विचारून पाहिलं होतं. सासूबाई, म्हणजे रजनीताई, चालेल की म्हणाल्या, आणि बरणीकडे अशा काही काळजीनं पाहिलं की मृणालनं कूलरला हातच लावला नाही.

बरणीत चहा होता. कोरा, भरपूर साखरेचा, गार करून आंबवलेला. कोंबुचा म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी शहरी पोरं हौसेनं महागड्या बाटल्यांतून प्यायची, तोच हा चहा. वर मलमलचं फडकं, फडक्याला रबर, आणि आत चहावर तरंगणारी एक जाड, पिवळट, बुळबुळीत चकती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं की धिरडं पाण्यात पडून फुगलंय. पण या धिरड्यावर मृणालचे सासरे मधुकरराव जगत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला होता.

कोंबुचाची चकती म्हणजे यीस्ट आणि जिवाणू यांचा एकत्र संसार. यीस्ट साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं, जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात आणि राहायला स्वतःचं छप्परही स्वतःच विणतात. या संसारात शास्त्रज्ञांनी एक नवा भाडेकरू आणून बसवला. युरिया आणि किडनी बंद पडल्यावर रक्तात साचणारी आणखी काही विषं हाच त्याचा आहार. माणसानं रोज पेलाभर चहा प्यायला की हे जिवाणू आतड्यात पोचतात. रक्तातलं विष आतड्याच्या भिंतीतून थोडंथोडं झिरपत असतंच. ते आलं की हे खातात, मग आणखी झिरपतं, तेही खातात. दीड-दोन दिवसांत हे जिवाणू मरतात, म्हणून पेला रोजचा. किडनीचं सगळं काम यानं होत नाही, पण पुष्कळांचं डायलिसिस टळतं.

आता असा पोटभरू जिवाणू गटारात, नदीत, शेजाऱ्याच्या पोटात मोकळा सुटला तर काय घ्या. म्हणून त्याला करणाऱ्यांनी त्याला मुद्दाम परावलंबी केलं होतं. त्याला जगायला लागणारं एक अमिनो आम्ल स्वतः बनवायची त्याची ताकदच काढून टाकली. ते आम्ल त्याला पुरवायचं माणसाच्या तळहातावर राहणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाणूनं. या तळहाती जिवाणूची जात प्रत्येक माणसागणिक थोडी वेगळी असते. एका माणसाचा हात कापसाच्या काडीनं पुसून घ्यायचा, त्याच्याशी बरणी जुळवायची, आणि मग ती बरणी जन्मभर त्याच हाताला ओळखणार. आंबट चहात हे तळहाती जिवाणू फार टिकत नाहीत. म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच माणसानं साध्या पाण्यानं हात धुऊन बरणीत घालून बसायचं. बरणीच्या गळ्याला एक पट्टी असते. ती हिरवी असली की सगळं क्षेम, पिवळी झाली की काळजी, लाल झाली की कारभार आटोपला. हात देणाऱ्या माणसाला बरणी पुरवणाऱ्या कंपनीच्या भाषेत पालक म्हणत.

गावंड्यांकडे बरणी आली तो दिवस मृणालला लख्ख आठवतो. कंपनीचा एक घाईतला मुलगा पेटी घेऊन दारात उभा होता. त्याला पुढं बडनेऱ्याला जायचं होतं. पालक कोण, असं त्यानं विचारलं. मधुकररावांनी रजनीताईंकडे पाहिलं, रजनीताईंनी मुलाकडे, तुषारकडे, आणि तुषारनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. यात कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. विचार करण्यासारखं यात काही आहे असंच कुणाला वाटलं नाही, मृणालला सुद्धा नाही. ती कणकेचे हात धुऊन बाहेर आली, मुलानं तिचा उजवा तळवा काडीनं पुसला, आणि ती परत जाऊन कणीक मळायला लागली.

मग नियम आले. पालकाच्या हाताला जंतुनाशक साबण नको, भांड्यांची पावडर नको, फिनेल नको. हळद चमच्यानंच घालायची, कारण हळद जिवाणू मारते. मेंदी तर मुळीच नको. पालकाला काही झालं तर अँटिबायोटिक विचारून घ्यायचं, कारण ते घामावाटे तळहातावर उतरतं आणि तिथली सगळी वस्ती धुऊन काढतं. जोडणी तुटली तर नवी करायला दोनेक महिने लागतात, तोवर पेशंटला डायलिसिस.

रजनीताईंनी भांड्यांना बाई लावली. भिशीत त्या सगळ्यांदेखत सांगायच्या, आमच्या सुनेच्या हाताला आम्ही भांडं लागू देत नाही. बायका हळहळत उसासे टाकायच्या आणि घरी जाऊन आपापल्या सासूला ऐकवायच्या. खोटं त्यात काही नव्हतं. मृणालचे हात गावंड्यांकडे खरोखरच लाडात होते. मनगटाच्या वरची मृणाल पूर्वी होती तशीच होती.

मेंदीचं मात्र तिला लागलं होतं. लग्नाआधीपासून ती मेंदी काढायची. नवरीच्या कोपरापर्यंत हात भरायला तिला कागदावर आधी काही आखावं लागत नसे. कोन हातात घेतला की बोट आपसूक वळायचं. लग्नसराईत तिला परतवाड्यापासून बोलावणी यायची. बरणी आल्यावर तिनं हातमोजे घालून काही दिवस काम करून पाहिलं, पण मोज्यात घामानं हात उकडून निघाले आणि बरणीची पट्टी पिवळी झाली. त्या दिवशी घरात कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. सगळे नुसते बरणीभोवती उभे राहिले. मृणालनं संध्याकाळी उरलेले कोन शेजारच्या मुलीला देऊन टाकले. बाबांना आता दोन-चार वर्षांत नवी किडनी मिळेल, मग पुन्हा सुरू करू, असं तिनं मनाशी ठरवलं. यवतमाळला सख्ख्या बहिणीच्या हळदीला ती हात मांडीवर घेऊन लांब बसली. लोकांना वाटलं, थोरलीचं काही बिनसलंय.

हे सगळं तिनं केलं, आणि आनंदानं केलं, याचं कारण मधुकरराव. माणूस भला. आवाज चढवून बोलणार नाही, ताटात काय पडलं त्याला नाव ठेवणार नाही. मृणालचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. रोज सकाळी मधुकरराव तिच्या हातून पेला घ्यायचे, उभ्यानं प्यायचे आणि म्हणायचे, "बेटा, तुझ्या हातचं आयुष्य पिऊन राहिलो मी." एवढ्या एका वाक्यासाठी तिनं आणखी दहा मेंद्या सोडल्या असत्या. बरणीत हात घालून बसली की तिला वाटायचं, या घरात आपल्यावाचून एक गोष्ट अडते. कुणाला हे खुळेपण वाटेल, पण ज्याच्यावाचून कधीच काही अडलं नाही त्यालाच ते कळेल.

त्या मे महिन्यात अंगण झाडताना खराट्याची एक काडी तिच्या उजव्या तर्जनीच्या नखाखाली गेली. काडी निघाली, टोक आत राहिलं. एरवी अशा वेळी माणूस डेटॉलचा बोळा लावतो आणि विसरतो. मृणालनं साध्या पाण्यानं बोट धुतलं. दुसऱ्या दिवशी नखाची कड लाल झाली, मग बोट ठणकायला लागलं, मग नखाच्या बाजूला पिवळा फुगवटा आला. नखुरडं झालं म्हणाल्या रजनीताई. त्यांच्या आईनं नखुरड्यावर हळद-कांद्याचं पोटीस बांधलं होतं, तेही त्यांना आठवलं, आणि लगेच, हळद आपल्याला चालायची नाही, हेही आठवलं. मग पोकळ केलेलं लिंबू बोटात घातलं. आंबट बरणीला चालतं. बोटाला काय चालतं ते कुणी विचारलं नाही.

डॉक्टर भुयार बाई घराण्याच्या जुन्या डॉक्टर. त्यांनी बोट पाहिलं आणि सरळ सांगितलं, आज चीर देऊन पू काढते आणि आजपासूनच गोळ्या सुरू कर. बरणीचं मृणालनं सांगितलं तेव्हा बाईंनी हातमोजे चढवले. मग म्हणाल्या, "बरणी जाईल. नवी लावता येते. बोट नवं लावता येत नाही." चीर त्यांनी दिली. गोळ्यांची चिठ्ठी मृणालनं पर्समध्ये ठेवली आणि घरी विचारून घेते म्हणाली.

चहाच्या वेळी तिनं सगळ्यांना सांगितलं. तिला त्या वेळी काय हवं होतं ते सांगायला हवं. कुणीतरी एकानं उठावं, चपला घालाव्यात आणि दुकानातून गोळ्या आणाव्यात, एवढंच. तुषारची छतावरच्या सौरपाट्यांची एजन्सी होती आणि हाच त्याचा हंगाम. बरणी येण्याआधी काही महिने मधुकररावांचं डायलिसिस चालायचं, तेव्हा त्याच्या आठवड्यातल्या तीन सकाळी दवाखान्यात जायच्या. त्या दिवसांत आपली किती गिऱ्हाइकं दुसऱ्यानं पळवली ते त्याला तोंडपाठ होतं. तो म्हणाला, "पू निघाला न आता? दोन-तीन दिवस पाहू. बसलं तर बसलं."

"तिला त्रास होऊन राहिला," रजनीताई म्हणाल्या. "तिचं तिनं ठरवावं बाई. आपण कोण सांगणार? फक्त यांच्या त्या सुया डोळ्यांसमोर येतात माझ्या."

मधुकररावांनी डाव्या दंडावरून हात फिरवला. तिथं जुन्या सुयांच्या गाठी अजून होत्या. ते म्हणाले, "घेऊन टाक न बेटा गोळ्या. माझं काय, होईल ते होईल."

मनाई केली असती तर मृणाल कदाचित भांडली असती. अशी परवानगी मिळाल्यावर माणूस काय करणार? मधुकरराव त्या संध्याकाळी जेवले नाहीत, भूक नाही म्हणाले. मृणालनं चिठ्ठी पर्समध्येच राहू दिली. दोन दिवस कळ काढू, ती स्वतःला म्हणाली. बरणीची पाळी आली तेव्हा तिनं डावा हात घातला. जोडणी माणसाशी होती, डावा-उजवा बरणीला सारखाच. पट्टी हिरवी राहिली. मधुकररावांनी सकाळी पेला घेताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती तेवढ्यावर आणखी एक दिवस निभावली.

मग ताप आला. बोट वांग्याच्या रंगाचं झालं होतं, आणि मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ चढत निघाली होती. तुषार मोर्शीला कुणाच्या तरी छतावर होता. रजनीताई म्हणाल्या, तुषार येईस्तोवर जरा पड, तोवर मी लिंबू बदलते. मृणालनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखरची माया होती. हाताशी कापलेलं लिंबू होतं आणि नजर मधूनच बरणीच्या पट्टीकडे जात होती. मृणालला त्या क्षणी भयंकर राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली की आपण खरंच पडून राहू. तिनं चपला घातल्या, ई-रिक्षा थांबवली आणि एकटी भुयार बाईंकडे गेली. बाईंनी हात पाहिला, चिठ्ठी लिहायच्याही भानगडीत पडल्या नाहीत, स्वतःच्या गाडीत घालून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

हात वाचला. तर्जनी गेली, मुळापासून.

शुद्धीवर आली तेव्हा तुषार पलंगाशी बसला होता. त्याचे डोळे लाल होते. तो रडला असणार. त्यानं तिचा डावा हात हातात घेतला, आणि मग जे बोलला ते त्याच्या मनातून निघालं होतं यात शंका नाही.

"मी म्हटलं होतं का तुला, गोळ्या घेऊ नको म्हणून?"

नव्हतं म्हटलं. तिनं सगळं आठवून पाहिलं. तो नव्हता म्हणाला, सासूबाई नव्हत्या म्हणाल्या, आणि बाबा तर घे म्हणाले होते. उद्या भांडायचं म्हटलं तरी दाखवायला एक वाक्य तिच्याजवळ नव्हतं. तिनं मान फिरवली आणि खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत राहिली.

ती घरी आली तोवर शिरेतून गेलेल्या औषधांनी तळहाताची वस्ती कधीच धुऊन निघाली होती. बरणीत हात घालणारं कुणी नव्हतं. पट्टी लाल होऊन गेली होती, चकतीवर काळी बुरशी चढली होती, आणि चहाला कुजक्या मोज्यांचा वास येत होता. रजनीताई बरणीजवळ बसून रडल्या. मृणालचं बोट गेलं तेव्हाही त्या रडल्या होत्या. दोन्ही रडणी खरी होती. मृणालनं बरणी मोरीत उपडी केली, उकळत्या पाण्यानं विसळली आणि पालथी घातली. मग कूलर ओट्याकडे वळवला.

मधुकररावांचं डायलिसिस पुन्हा सुरू झालं. पहिल्या दोन खेपा तुषार घेऊन गेला. तिसऱ्या खेपेला त्याला कळलं की दवाखान्याची स्वतःची गाडी पेशंटना घरून नेते आणि घरी आणून सोडते; गेल्या दीड वर्षापासून ही सोय होती, कुणी चौकशी केली नव्हती. मग आठवड्यातून तीनदा सकाळी दारात पांढरी गाडी यायची, मधुकरराव कानात गाणी लावून एसीत चार तास पडून राहायचे. सुया टोचताना त्यांचा चेहरा कसानुसा व्हायचा, आणि मग ते झोपून जायचे. शेजारच्या पलंगावर पाटबंधाऱ्याचेच एक जुने सहकारी भेटले. दोघे धरणांच्या गप्पा मारायचे. महिन्याभरात मधुकररावांच्या गालांवर मांस आलं.

मृणाल हे पाहत होती. बाबा वाचले याचा तिला आनंद होता. तो नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण तिनं जे टाळायला कळ काढली ते मरण नव्हतंच. ती होती एक पांढरी गाडी आणि शिरेत दोन सुया. हा हिशेब ती पुन्हा पुन्हा मांडायची आणि प्रत्येक वेळी तिला चार बोटांच्या हातानं काहीतरी फोडावंसं वाटायचं.

तरी सुया त्या सुयाच. मधुकररावांना त्या नको होत्या, आणि रजनीताईंनी कंपनीला फोन केला. या खेपेला शेख मॅडम आल्या. चाळिशीच्या, चष्म्याच्या, कसलीही घाई नसलेल्या. त्यांनी नवी पेटी टेबलावर ठेवली, पाणी मागून घेतलं, पंख्याखाली बसल्या आणि विचारलं, "पालक कोण होणार?"

"मृणालच," रजनीताई म्हणाल्या. "तिला सवय आहे. आणि तिचा डावा हात शाबूत आहे, तेव्हा..."

शेख मॅडमनी मृणालच्या उजव्या हाताकडे पाहिलं. काय झालं ते त्यांनी विचारलं आणि मृणालनं थोडक्यात सांगितलं. ऐकताना मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला.

"पण पेशंट स्वतः का नाही पालक होत?" त्या म्हणाल्या. "काकांचे हात चांगले आहेत न? माझ्याकडे शंभर घरं असतील, त्यातल्या बहुतेकांत पेशंटच पालक आहे. ज्याचं औषध त्याचा हात. दुसऱ्या कुणाला अडकायचं कारणच नाही."

तुषार म्हणाला, मग त्या पहिल्या मुलानं आम्हाला हे सांगायला नको होतं का? मॅडम शांतपणे म्हणाल्या की त्यानं विचारलं असेल पालक कोण, तुम्ही सांगितलं असेल, त्यानं लिहून घेतलं असेल. झालं होतं अगदी तसंच.

मृणाल मधुकररावांकडे पाहत होती. बाकी दोघांकडून तिला काही ऐकायचं नव्हतं. तिला वाटलं, हे आता काहीतरी म्हणतील. निदान मान खाली घालतील. मधुकररावांनी आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले, अनोळखी वस्तू पाहावी तसे, आणि मग तिच्याकडे वळून नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "मला कुठं जमणार ते सगळं, बेटा? चहा करणं, गाळणं... आयुष्यात मी गॅस नाही पेटवला. तुझा डावा हात आहे न."

त्यांनी हे दुष्टपणानं म्हटलं नाही. तीच तर गोष्ट होती. त्यांनी ते सकाळचा पेला घेताना बोलायचे त्याच सुरात म्हटलं, आणि मृणालला एकदम कळलं की ते रोजचं वाक्यसुद्धा याच जागेतून येत होतं. आपण त्यांच्या मुलीच्या जागी आहोत असं ती समजत होती. ती त्यांच्या हाताच्या जागी होती.

"जमेल बाबा," ती म्हणाली. "चहा उकळायचा, साखर टाकायची, गार करायचा. मग हात घालून बसायचं. मी दोन वर्षं एवढंच केलं."

रजनीताई काहीतरी बोलायला गेल्या. मृणालनं त्यांच्याकडे वळून नुसतं पाहिलं आणि त्या थांबल्या. शेख मॅडमच्या हातातली कापसाची काडी मृणालनं घेतली, सासऱ्यांचं मनगट धरलं आणि तळवा उघडला. त्यांच्या हाताला तिनं यापूर्वी कधी हात लावला नव्हता. तळवा गुलाबी होता, नितळ, लोण्यासारखा मऊ. कुठं घट्टा नाही, चटका नाही, चरा नाही. साठी ओलांडलेल्या माणसाचा इतका कोरा हात असू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं काडी नीट फिरवली, बोटांच्या बेचक्यांतूनही फिरवली, आणि मॅडमच्या हातात दिली.

पहिले काही दिवस मधुकररावांनी गोंधळ घातला. साखरेऐवजी एकदा मीठ पडलं. एकदा चहा गरमच ओतला, चकतीचा एक पदर मेला. मृणाल पाहत राहायची आणि उठायची नाही. रजनीताई मदतीला धावायच्या. मग त्यांनाही मॅडमनी फोनवर सांगितलं की हात एकाचाच हवा. हळूहळू जमायला लागलं. पट्टी हिरवी झाली, पांढऱ्या गाडीच्या खेपा कमी झाल्या, मग थांबल्या.

आणि मग कौतुकाला ऊत आला. रजनीताई भिशीत सांगू लागल्या की हे स्वतःचं औषध स्वतः करतात, कुणाला हात लावू देत नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघानं मधुकररावांना बोलावून स्वावलंबनावर चार शब्द बोलायला लावले. शाल दिली. मृणालला त्याच सुमारास परतवाड्याहून एका लग्नाचा फोन आला होता, मेंदीसाठी. कोन अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरून तिनं दुपारभर कागदावर सराव करून पाहिला. रेघा लहान मुलानं काढाव्यात तशा आल्या. तिनं फोन करून नाही म्हणून सांगितलं.

दसऱ्याला तुषारचे अकोल्याचे मामा सहकुटुंब आले. मधुकरराव त्यांना थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. कूलरचं तोंड पुन्हा बरणीकडे होतं. कधी वळलं ते मृणालला कळलं नव्हतं. मधुकररावांनी साध्या पाण्यानं हात धुतला, फडकं काढलं, बाही वर सारली आणि मनगटापर्यंत हात चहात घालून स्टुलावर बसले. मामा-मामी तोंडाचा आ करून पाहत होते. मामा म्हणाले, "वा भाऊजी, या वयात! काय चिकाटी आहे! आमच्यानं तर नसतं झालं बाप्पा."

"अहो, यात काय आहे?" मधुकरराव संकोचानं हसत म्हणाले. "कुणालाही जमण्यासारखं आहे."

मृणाल ओट्याशी चहाचे कप ट्रेमध्ये ठेवत होती. उजव्या हाताची पकड आता भरवशाची नव्हती, म्हणून ती ट्रे अर्धाच भरायची आणि दोन फेऱ्या मारायची. पहिला कप तिनं मामांच्या हातात दिला.

"हो," ती म्हणाली. "कुणालाही जमण्यासारखंच होतं."

सून सासऱ्यांना दुजोरा देते आहे असं वाटून मामा खुशीत हसले, आणि मामी म्हणाल्या, चहा मस्त झालाय हं. मधुकररावांनी मात्र वर पाहिलं नाही. ते बरणीत हात घालून बसून राहिले, आणि मृणाल उरलेले कप आणायला वळली.